चुंबकीय अनुस्पंदन प्रतिमांकन (एमआरआय)

शरीरातील पाणी व चरबी यांतल्या हायड्रोजन अणुकेंद्रांकडून रेडिओ संदेश मिळवून अंतर्भागाची चित्रे तयार करण्याची पद्धत. क्ष-किरण किंवा सीटी स्कॅन यांत वापरतात तसे आयनकारी (अणूंतील इलेक्ट्रॉन सुटे करणारे) प्रारण यात वापरत नाहीत.

हायड्रोजनचे अणुकेंद्र म्हणजे एक प्रोटॉन. प्रबळ चुंबकीय क्षेत्रात त्याचा अक्ष कलत्या भोवऱ्यासारखा क्षेत्राच्या दिशेभोवती फिरतो. या फिरण्याची कंप्रता (सेकंदाला होणाऱ्या फेऱ्या) क्षेत्राच्या प्रमाणात वाढते : एका टेस्लाला (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचे एकक) ४२.५८ मेगाहर्ट्‌झ, म्हणजे रुग्णालयांतील नेहमीच्या १.५ टेस्ला यंत्रात सुमारे ६४ मेगाहर्ट्‌झ. क्षेत्राच्या दिशेने असलेले प्रोटॉन विरुद्ध दिशेच्या प्रोटॉनांपेक्षा किंचितच जास्त असतात. दहा लाखांत जेमतेम पाच. तरीही पाण्याच्या एका घन मिलिमीटरमध्ये अशा जादा प्रोटॉनांची संख्या तीन लाख अब्जांवर जाते आणि तेवढ्यावरच सारे भागते.

नेमक्या त्याच कंप्रतेचा रेडिओ स्पंद दिला की या प्रोटॉनांचे एकत्रित चुंबकत्व आडवे होते आणि फिरता फिरता शेजारच्या वेटोळ्यात क्षीण विद्युत् दाब निर्माण करते. स्पंद थांबल्यावर ते पूर्वस्थितीला येते. त्यासाठी लागणारा काळ (टी-१) आणि आडवा संदेश विरण्याचा काळ (टी-२) ऊतकागणिक (पेशीसमूहाच्या प्रकारागणिक) वेगळे असतात. मेंदूतला करडा व पांढरा भाग चित्रात वेगळा दिसतो तो मुख्यतः यामुळे.

एवढे ज्ञान भौतिकशास्त्रज्ञ फेलिक्स ब्लॉक आणि एडवर्ड पर्सेल यांच्या १९४६ च्या प्रयोगांपासून उपलब्ध होते. अडचण वेगळीच होती : संदेश आला कुठून? ६४ मेगाहर्ट्‌झ लहरींची हवेतील तरंगलांबी पावणेपाच मीटर भरते. तरंगलांबीहून फार लहान तपशील लहरींनी दिसत नाहीत, म्हणून तिने मेंदूतली गाठ टिपणे प्रकाशशास्त्राच्या नेहमीच्या मार्गाने अशक्यच. रसायनशास्त्रज्ञ पॉल लॉटरबर यांनी १९७३ मध्ये यावर तोड काढली. मुख्य क्षेत्रावर दुसरे, एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे वाढत जाणारे क्षीण क्षेत्र चढवले की प्रत्येक जागेची कंप्रता निराळी होते. मग कंप्रता ओळखणे म्हणजेच जागा ओळखणे. मिसळलेल्या संदेशातून कंप्रता सुट्या करण्याचे काम फूरिये रूपांतर ही गणिती रीत करते. या पद्धतीचे प्राण इथेच आहेत, आणि ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकाने लॉटरबर यांचा हाच शोधनिबंध आधी परत पाठवला होता. भौतिकशास्त्रज्ञ पीटर मॅन्सफील्ड यांनी गणिती बाजू आणि जलद चित्रणाचे तंत्र विकसित केले. २००३ चे नोबेल पारितोषिक दोघांना मिळाले. गाठींच्या ऊतकातील टी-१, टी-२ चा फरक १९७१ मध्ये दाखवणारे डॉक्टर रेमंड डमेडियन वगळले गेले. त्यांनी वृत्तपत्रांत पानभर जाहिराती देऊन निषेध केला.

बहुतेक यंत्रांतील मुख्य चुंबक नायोबियम-टायटॅनियमच्या अतिसंवाहक (अतिथंड असताना विद्युत् रोध नसलेल्या) तारेचा असतो. द्रव हीलियममध्ये, उणे २६९ अंश सेल्सिअसला, त्यातला प्रवाह बाहेरच्या पुरवठ्याविना वाहत राहतो. म्हणून तपासणी चालू नसतानाही क्षेत्र चालूच असते. मुंबईच्या एका रुग्णालयात जानेवारी २०१८ मध्ये ऑक्सिजनचे सिलिंडर घेऊन आत गेलेला एक तरुण यंत्राकडे खेचला जाऊन दगावला.

तपासणीतली ठकठक मात्र या चुंबकाची नव्हे. जागा ठरवणारे क्षीण क्षेत्र निर्माण करणाऱ्या वेटोळ्यांतील शेकडो अँपिअर प्रवाह क्षणोक्षणी बदलतो. मुख्य क्षेत्रात त्यांवर बल पडून ती कंप पावतात. बाहेरचे रेडिओ तरंग क्षीण संदेशात मिसळू नयेत म्हणून खोलीला तांब्याचे अस्तर देतात. अतिसंवाहकता अचानक गेल्यास हीलियम उकळून सुमारे ७०० पट फुगतो. तो वेगळ्या नळीने छताबाहेर सोडतात. जुन्या यंत्रांत असा हजार-दीड हजार लिटर हीलियम असे, काही नव्या सीलबंद चुंबकांत दहा लिटरांहूनही कमी लागतो.