निकाल ‘फिरवणे’ वेगळे, निकालाखालचा कायदा बदलणे वेगळे

मे २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने मराठा आरक्षण रद्द केले होते. ऑगस्टमध्ये मागास वर्ग ठरवण्याचा अधिकार राज्यांना परत देणारी १०५वी घटनादुरुस्ती संसदेने मंजूर केली, त्या संध्याकाळी ओळखीच्या एका गृहस्थांचा फोन आला. मुलगी नुकतीच बारावी झालेली, आणि मराठा आरक्षणासाठी काढलेला दाखला त्यांनी प्लास्टिकच्या पाकिटात जपून ठेवलेला. “वकीलसाहेब, संसदेनं सुप्रीम कोर्टाचा निकाल फिरवला म्हणतायत. मग आता दाखला चालेल ना?” मला नाही म्हणावे लागले. तिकडे बराच वेळ कुणी बोलले नाही. “निकाल फिरवला” हे शब्द बातमीत दिसले की मला आजही त्या फोनची आठवण होते आणि चीड येते. ते शब्द चुकीचे आहेत, आणि त्या चुकीपायी माणसे खोट्या आशेवर राहतात.

न्यायालय कायदा घटनाबाह्य ठरवू शकते आणि संसद नवा कायदा करू शकते, एवढे सगळ्यांना ठाऊक आहे. गोंधळ होतो तो पुढच्या पायरीवर.

न्यायालयाने दिलेला निकाल संसदेला रद्द करता येत नाही. चुकीचा वाटला तरी नाही, एकमताने ठराव केला तरी नाही. ते काम अपिलाचे, वरच्या न्यायालयाचे. पण निकाल ज्या कायद्याच्या शब्दांवर उभा असतो, ते शब्द बदलणे संसदेच्या हातात असते, आणि तेही भूतलक्षी प्रभावाने, म्हणजे जणू ते पहिल्यापासून तसेच होते असे धरून. अशा कायद्याला आपल्याकडे ‘विधिग्राह्यीकरण’ असा जड शब्द आहे. मी साधे म्हणतो, निकालाचा पाया काढून घेणे.

पाया निघाला की नाही हे तपासण्याची कसोटी घटनापीठाने १९६९ मध्ये पृथ्वी कॉटन मिल्सच्या खटल्यात सांगितली. भरूच नगरपालिकेने कारखान्यांवर भांडवली किमतीच्या टक्केवारीने कर बसवला होता. मूळ कायदा जुन्या मुंबई प्रांताचा, १९२५चा, आणि त्यात शब्द होता ‘रेट’. रेट म्हणजे वार्षिक भाडेमूल्यावरची आकारणी, असे सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका प्रकरणात म्हटल्यावर हा कर अडचणीत आला. तेव्हा गुजरात विधिमंडळाने १९६३ मध्ये कायदा करून भांडवली किमतीवरची आकारणीही ग्राह्य ठरवली, आणि आधी वसूल केलेला करही वैध केला. तो कायदा टिकला. न्यायालयाने विचारलेला प्रश्न असा: आजचा बदललेला कायदा तेव्हा असता, तर तोच निकाल देता आला असता का? ‘नाही’ असे उत्तर आले तर पाया निघाला. ‘हो’ आले तर निकाल जागच्या जागी आहे आणि नवा कायदा केवळ अवज्ञा आहे.

दोन्ही गोष्टी एकाच खटल्यात, एकाच दिवशी पाहायच्या तर १९७५ कडे जावे. १२ जूनला अलाहाबाद उच्च न्यायालयाने इंदिरा गांधींची रायबरेलीची निवड रद्द केली. ठपके दोन. यशपाल कपूर हे राजपत्रित अधिकारी सरकारी सेवेत असतानाच त्यांच्या प्रचारात उतरले हा एक, आणि राज्याच्या अधिकाऱ्यांनी सभांसाठी व्यासपीठे उभारली, लाउडस्पीकरला वीज दिली हा दुसरा. संसदेने त्यावर दोन उपाय केले. लोकप्रतिनिधित्व कायदा भूतलक्षी प्रभावाने बदलला. त्यानुसार उमेदवारी अर्ज भरल्यापासूनच माणूस उमेदवार धरायचा. उच्च न्यायालयाने उमेदवारी २९ डिसेंबर १९७० पासून धरली होती, अर्ज मात्र १ फेब्रुवारी १९७१ चा. कपूरांचा राजीनामा राजपत्रात दिलेल्या तारखेपासून, १४ जानेवारीपासून, लागू मानायचा. अधिकाऱ्यांनी कर्तव्य म्हणून केलेली व्यवस्था निवडणुकीतला गैरप्रकार धरायची नाही. दुसरा उपाय ३९व्या घटनादुरुस्तीचा. सर्वोच्च न्यायालयातली सुनावणी ११ ऑगस्टला होती आणि दुरुस्तीवर राष्ट्रपतींची सही झाली १० ऑगस्टला. तिच्यातल्या कलम ३२९अच्या चौथ्या खंडाचा अर्थ एवढाच होता, की कोणत्याही न्यायालयाच्या आदेशात काहीही असले तरी ही निवड वैध आहे.

७ नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयाने चौथा खंड रद्द केला आणि निवडणूक कायद्यातले बदल कायम ठेवले. इंदिरा गांधी खटला जिंकल्या, पण बदललेल्या कायद्यामुळे. घटनादुरुस्तीने त्यांना वाचवले असे अजूनही लिहिले जाते, आणि मला ते फार खटकते. त्या खंडात न्यायनिवाड्यासाठी लावण्यासारखा नियमच नव्हता. एका माणसाच्या एका वादाचे उत्तर संसदेने थेट लिहून टाकले होते, आणि ते काम संसदेचे नव्हते. उमेदवाराची व्याख्या ठरवणे मात्र संसदेचेच काम आहे.

आता हेही सांगतो, की टिकले म्हणजे योग्य असे मी मानत नाही. एका चालू खटल्याकडे बघून व्याख्या बदलणे मला तेव्हाच्या परिस्थितीत अनैतिकच वाटते. २०१२ मध्ये व्होडाफोनने सर्वोच्च न्यायालयात कराचा खटला जिंकल्यावर त्याच वर्षी प्राप्तिकर कायद्याचा अर्थ १९६२ पासून बदलला गेला, तेही मला पटले नाही. संसदेने स्वतःच २०२१ मध्ये ती भूतलक्षी करमागणी सोडून दिली. पण वैध की अवैध हा एक प्रश्न आणि चांगले की वाईट हा दुसरा.

२०२१ च्या त्याच पावसाळी अधिवेशनात दोन्ही प्रकारचे कायदे, पाया काढणारा आणि केवळ अवज्ञा करणारा, शेजारीशेजारी झाले, आणि दोन्हींच्या बातम्यांत शब्द एकच वापरला गेला. ठराविक विषयांचे तंटे ऐकणाऱ्या न्यायाधिकरणांच्या सदस्यांना किमान वयाची ५० वर्षांची अट आणि चारच वर्षांची मुदत, या वटहुकुमातल्या तरतुदी सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलैला रद्द केल्या होत्या. कारण न्यायालयीन स्वातंत्र्याचे होते. पुढच्या महिन्यात संसदेने त्याच तरतुदी नव्या कायद्यात पुन्हा घातल्या. भरूचची कसोटी लावून पाहा. न्यायालयाने दाखवलेला दोष तसाच, म्हणजे उत्तर ‘हो’, तोच निकाल पुन्हा आला असता. आणि तो आलाच. नोव्हेंबर २०२५ मध्ये सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या पीठाने त्या तरतुदी पुन्हा रद्द केल्या. मधली चार वर्षे न्यायाधिकरणांतल्या नेमणुकांवर टांगती तलवार राहिली.

१०५वी दुरुस्ती अशी नव्हती, ती नीट केलेली होती. ५ मे २०२१ च्या मराठा आरक्षणाच्या निकालाला दोन पाय होते. १०२व्या दुरुस्तीनंतर सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग ठरवण्याचा अधिकार राज्यांकडे उरला नाही, असे पाचपैकी तीन न्यायमूर्तींनी म्हटले. संसदेने कलम ३४२अचे शब्द बदलले आणि हा पाय काढून घेतला. राज्यांना अधिकार परत मिळाला. दुसरा पाय ५० टक्क्यांच्या मर्यादेचा. ती ओलांडावी अशी अपवादात्मक परिस्थिती नाही, यावर पाचही न्यायमूर्तींचे एकमत होते, आणि त्याला दुरुस्तीने हातच लावला नाही. त्यामुळे मराठा आरक्षण देणारा २०१८ चा राज्याचा कायदा मेलेलाच राहिला.

फोनवर मी त्यांना हेच सांगितले. दोन पायांवर उभा निकाल, त्यातला एकच काढलाय. त्यांनी विचारले, “मग दुसऱ्याचं कोण बघणार?” मी म्हटले, त्याला नवा कायदा आणि नवी आकडेवारी लागेल, आणि तोही न्यायालयात तपासला जाईलच. मुलीचा अर्ज त्यांनी दुसऱ्या दिवशी खुल्या प्रवर्गातून भरला.