मीडमधील चवदोष

मीड म्हणजे मध पाण्यात कालवून यीस्टने आंबवलेले मद्य. घरच्या पहिल्या घाण्याला सडक्या अंड्याचा, थिनरचा, व्हिनेगरचा किंवा दवाखान्यातल्या पट्टीसारखा वास येतो, ही नेहमीची तक्रार. यांतले काही दोष मुरल्यावर जातात, काही कधीच जात नाहीत. म्हणून बरणी मोरीत ओतण्याआधी वास नेमका कशाचा ते ओळखावे. पहिला संशय मधावर जातो आणि तो बहुधा खोटा ठरतो. दोष बहुतेक वेळा उपाशी ठेवलेल्या किंवा उकाड्यात तापलेल्या यीस्टचा असतो.

मधात सुमारे ८० टक्के शर्करा असते, पण यीस्टच्या वाढीला लागणारा नायट्रोजन अगदीच नाममात्र. द्राक्षरसात तो बऱ्यापैकी असतो, त्यामुळे वाइनची कृती जशीच्या तशी मधाला लावली की फसते. नायट्रोजन संपला की यीस्ट हायड्रोजन सल्फाइड हा गंधकयुक्त वायू सोडते आणि झाकण काढताच अंड्याचा भपकारा येतो. आंबणे जोरात चालू असताना असे झाले तर यीस्टचे पोषक द्यावे आणि मीड ढवळून वायू बाहेर काढावा. वास बहुधा काही दिवसांत उतरतो. मात्र पूड थेट बरणीत टाकू नये. द्रावणात कोंडलेला कार्बन डायऑक्साइड एकदम सुटतो आणि फेस ओट्यावर येतो. आधी हळूहळू ढवळावे, मग पाण्यात विरघळवलेले पोषक ओतावे. ते सगळे एकदम न देता पहिल्या तीन-चार दिवसांत विभागून दिलेले बरे. निम्म्याहून जास्त साखर संपल्यावर दिलेले पोषक यीस्टला फारसे घेता येत नाही. पोषकांनी मधाचे आंबणे किती सुधारते, हे कॉर्नेल विद्यापीठातील कीथ स्टाइनक्राउस आणि रॉजर मोर्स यांनी १९६० च्या दशकातच दाखवले होते.

आंबणे संपल्यावरही वास राहिला तर एका पेल्यात थोडे मीड घेऊन तांब्याच्या स्वच्छ तुकड्याने ढवळावे. वास गेला तर दोष गंधकाचाच. हा पेला चाचणीपुरता, तो पिऊ नये; सगळ्या बरणीत तांबे टाकणे तर धोक्याचेच, कारण आम्लात ते विरघळते.

थिनरसारखा उग्र वास आणि घशाला लागणारी आग ही उष्णतेची खूण. आंबताना द्रावण खोलीपेक्षा काही अंश गरम असते. विदर्भातल्या मे महिन्यात तर पहिला घाणा लावूच नये. एरवी बरणी पाण्याच्या टबात ठेवून भोवती ओले फडके गुंडाळले तरी फरक पडतो. ही आग काही महिन्यांत मवाळ होते, पूर्ण जाईलच असे नाही. कच्च्या सफरचंदाचा वास ॲसिटाल्डिहाइडचा: मीड अजून कोवळे आहे, तळाशी बसलेल्या यीस्टच्या साक्यावरून काढायची घाई झाली, एवढाच त्याचा अर्थ.

पट्टीचा वास मात्र जात नाही. नळाच्या पाण्यातले किंवा नीट न धुतलेल्या ब्लीचमधले क्लोरीन आणि मीडमधली फिनॉले (उग्र वासाची सेंद्रिय संयुगे) यांच्या संयोगाने तो येतो, आणि अत्यल्प प्रमाणातही जाणवतो. ओल्या पुठ्ठ्याचा वास हवा लागल्याचा. तोही जात नाही.

पुण्या-नाशिकात आता परवानाधारक मीड कारखाने आहेत. महाराष्ट्रात विनापरवाना मद्य तयार करणे १९४९ च्या दारूबंदी कायद्याने गुन्हा आहे, त्यामुळे घरगुती मीडची चर्चा मुख्यतः जिथे त्याला मुभा आहे त्या अमेरिकेसारख्या देशांतली.

व्हिनेगरचा वास ॲसिटिक जिवाणूंचा. त्यांना हवा लागते आणि चिलटे त्यांना घेऊन येतात. अर्धी रिकामी बरणी नि सैल झाकण एवढे त्यांना पुरते. असे मीड सुधारत नाही. ते पुरते आंबट होऊ देऊन स्वयंपाकात वापरता येते, पण ते काढायला वापरलेली रबरी नळी पुढच्या घाण्याला घेऊ नये.