नकार पचवण्याची पूर्वतयारी

करिअर समुपदेशन म्हटले की आपल्याला दहावीची कलचाचणी आणि शाखा निवडण्याचा सल्ला आठवतो. मनाच्या आरोग्याशी त्याचे नाते मात्र अधिक ठळकपणे दिसले आहे ते नोकरी गमावलेल्या प्रौढांमध्ये.

काम सुटले की पगाराखेरीज आणखी काय सुटते, हे ऑस्ट्रियातील मारिएनथाल या गावाने दाखवून दिले. तेथील कापड गिरणी बंद पडल्यानंतर मारी याहोदा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झायझेल यांनी केलेला अभ्यास १९३३ मध्ये प्रसिद्ध झाला. रस्त्यावरच्या माणसांची चाल त्यांनी घड्याळ लावून मोजली, तेव्हा बेकार पुरुष संथपणे चालत आणि वाटेत वारंवार थांबत, असे आढळले. वाचनालयाचे शुल्क माफ होऊनही पुस्तकांची देवघेव रोडावली होती. वेळ हवा तेवढा होता. दिवसाची घडी मात्र विस्कटली होती.

ही घडी पुन्हा बसवता येते का, हे मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी १९९० च्या दशकात पडताळले. त्यांनी १,८०१ बेरोजगारांची यादृच्छिक पद्धतीने विभागणी केली. काहींसाठी पाच अर्ध्या दिवसांची सत्रे घेतली, तर उरलेल्यांना नोकरी शोधण्याविषयीची पुस्तिका दिली. सत्रांत कोणाचाही कल तपासला जात नव्हता. प्रशिक्षक नोकरीच्या चौकशीचा प्रसंग आधी मुद्दाम चुकीचा वठवत आणि त्यातल्या चुका सहभागी दुरुस्त करत, त्यामुळे खचून आलेला माणूस काही काळ का होईना, जाणकाराच्या भूमिकेत जाई. अर्जाला उत्तरच आले नाही तर मनात काय येईल आणि त्यावर काय करायचे, याचाही विचार आधीच करून ठेवला जाई. संशोधकांनी याला लसीकरणाची उपमा दिली, आणि ती मला अगदी चपखल वाटते.

दोन वर्षांनंतरही सत्रांना आलेल्या गटात नैराश्याची लक्षणे कमी होती आणि रोजगाराचे प्रमाण जास्त होते. हा मानसिक लाभ मुख्यतः ज्यांना नैराश्याचा धोका आधीपासून अधिक होता, त्यांच्याच पदरी पडला. म्हणूनच सरसकट सरासरी पाहिली, तर समुपदेशनाचा परिणाम आहे त्यापेक्षा किरकोळ भासतो. अर्थात हा प्रतिबंध झाला, उपचार नव्हे. ज्याची झोप आणि भूक आठवडेच्या आठवडे उडालेली आहे, त्याला बायोडाटा सुधारून देण्याआधी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवणे समुपदेशकाचे कर्तव्य आहे.