पुरावा निवण्याआधी

जुन्या कार्बोरेटरच्या गाडीचं एक दुखणं भल्याभल्या मेकॅनिकना वैताग आणतं. छान चाललेली गाडी मध्येच बंद पडते, कितीही सेल्फ मारा, दाद देत नाही. आणि अर्ध्या तासाने काही झालंच नाही अशा थाटात पहिल्या झटक्यात सुरू होते. गॅरेजात पोचेपर्यंत ठणठणीत! मग अंदाजाने कार्बोरेटर उघडून साफ केला जातो आणि पुढच्या लांबच्या फेरीत पुन्हा तेच. दोष गरम इंजिनात आणि तपासणी थंड इंजिनाची, तर सापडणार काय? खरी तपासणी गाडी बंद पडल्या जागी, पहिल्या काही मिनिटांतच व्हायला हवी.

संशयित दोनच: ठिणगी आणि पेट्रोल. (टायमिंग बेल्ट तुटूनही इंजिन थांबतं, पण तो अर्ध्या तासाने आपोआप सांधला जात नाही.) स्विच बंद केल्यासारखी गाडी एकदम गेली, तर संशय ठिणगीवर. आचके देत, ओढ कमी होत गेली, तर पेट्रोलवर. कारण कार्बोरेटरच्या बाऊलमध्ये (पेट्रोल साठणाऱ्या वाटीत) उरलेल्या पेट्रोलवर ती थोडी रेटते. अर्थात हा केवळ सुगावा, निकाल नव्हे.

आधी ठिणगी पाहावी, पेट्रोल उघडं करण्यापूर्वी. पेट्रोलची वाफ शून्याखाली 40 अंशांनाही पेट घेऊ शकते, म्हणून हा क्रम उलटवू नये. जास्तीचा स्पार्क प्लग एका प्लगच्या वायरला लावून त्याचं धातूचं अंग जंपर केबलच्या चिमट्याने इंजिनाला जोडायचं, हात लांब ठेवायचा आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगायचं. ठिणगी निळसर आणि कडक हवी. पिवळट, मरतुकडी असेल किंवा नसेलच, तर कॉइल किंवा कंडेन्सर बघा. कॉइल 12 व्होल्टचे 20 हजारांच्या आसपास व्होल्ट करते. तापल्यावर तिच्या वेटोळ्यांचं इन्सुलेशन दगा देतं, निवल्यावर पुन्हा सावरतं. कंडेन्सर तर बोटाच्या पेराएवढा, पण पॉइंट (कॉइलचा करंट जोडणारी-तोडणारी टोकं) उघडताना करंट झटक्यात तुटतो तो त्याच्यामुळे. तो गेला की प्लगची ठिणगी पॉइंटवरच वाया जाते. डिस्ट्रिब्युटरचं (प्रत्येक प्लगला ठिणगी वाटणाऱ्या भागाचं) झाकण काढून पाहिलं तर पॉइंटमध्ये लख्ख, जाड ठिणग्या दिसतात आणि पॉइंटची तोंडं काळवंडलेली असतात. कार्बोरेटरवर ठपका आणि गुन्हेगार कंडेन्सर, हा प्रकार वाटतो त्याहून सर्रास घडतो.

ठिणगी चोख असेल, तर इग्निशन बंद करून एअर क्लीनर काढा आणि थ्रॉटल (कार्बोरेटरमधली ऍक्सिलरेटरने उघडणारी झडप) हाताने झटक्यात उघडा. आत पेट्रोलची बारीक पिचकारी उडाली, तर बाऊलमध्ये पेट्रोल आहे. (एसयू जातीच्या कार्बोरेटरांत पिचकारी मारणारा पंपच नसतो, तिथे बाऊल उघडून पाहावा लागतो.)

पिचकारी कोरडी असेल, तर व्हेपर लॉकचा, म्हणजे पेट्रोलची वाफ होऊन वाट अडल्याचा, संशय घ्यावा. पेट्रोल हे अनेक द्रव्यांचं मिश्रण; त्यातली हलकी द्रव्यं साधारण 35-40 अंशांनाच उकळू लागतात. इंजिनाला जोडलेल्या पंपाच्या ओढीच्या बाजूला दाब कमी असतो, तिथे तर आणखी लवकर. पंपाचा पडदा वाफ नुसती दाबत-सोडत राहतो, पुढे काहीच सरकत नाही. गंमत म्हणजे इंजिन थांबल्यावर पाण्याचं फिरणं थांबतं आणि ब्लॉकमधली उष्णता वर चढून पंप, कार्बोरेटर आणखी तापतात. पंपावर आणि नळीवर ओलं फडकं टाकताच गाडी उठली, तर निदान झालं.

तीच उष्णता नेमका उलटा घोटाळाही करते: बाऊलमधलंच पेट्रोल उकळून मॅनिफोल्डमध्ये (कार्बोरेटरकडून इंजिनात जाणाऱ्या नळ्यांत) सांडतं. प्लग ओले, पेट्रोलचा भपकारा. अशा वेळी ऍक्सिलरेटर पंप करू नका. तो तळापर्यंत दाबून धरा आणि सेल्फ मारा, म्हणजे भरपूर हवा आत जाईल.

उष्णतेशी काडीचा संबंध नसलेले दोन तोतयेही आहेत. टाकीच्या झाकणाचं हवेचं छिद्र बुजलं, तर आत निर्वात वाढून पेट्रोल येईनासं होतं. झाकण उघडताच हवा सूं करून आत जाते. दुसरा तोतया टाकीतला कचरा. ओढीमुळे तो जाळीवर जाऊन बसतो, इंजिन थांबलं की सुटून तळाशी जातो आणि गाडी पुन्हा चालू लागते. टाकी उतरवून धुतल्याशिवाय हा दोष जात नाही, कार्बोरेटर कितीदाही उघडा.