रात्री ताज, सकाळी स्टुडिओ: मुंबईच्या अष्टपैलू जॅझवाल्यांची पूर्वपीठिका

मुंबईत जॅझच्या मैफलीची जाहिरात आली की तरुण वादकाच्या नावाआधी ‘अष्टपैलू’ हमखास लागलेलं दिसतं. पोरगा जॅझ वाजवतो, फ्युजन वाजवतो, सिनेमाच्या रेकॉर्डिंगला जातो, जिंगल करतो आणि शनिवार-रविवारी शिकवतोही. ३० एप्रिलचा आंतरराष्ट्रीय जॅझ दिन जवळ आला की अशा जाहिराती वाढतात. वाचणाऱ्याला वाटतं, ही नव्या पिढीची हौस. पण या शहरात जॅझवर पोट भरू पाहणाऱ्याला अष्टपैलू होण्यावाचून गत्यंतर कधीच नव्हतं.

१९३५ साली व्हायोलिनवादक लिऑन ॲबी आपला कृष्णवर्णीय अमेरिकी वाद्यवृंद घेऊन ताजमहाल हॉटेलात आला. त्याच्यानंतर ट्रम्पेटवादक क्रिकेट स्मिथ आला, मग पियानोवादक टेडी वेदरफर्ड. पुढे वेदरफर्ड कलकत्त्याला गेला आणि १९४५मध्ये तिथेच वारला. या पाहुण्यांचं वाजवणं कान देऊन ऐकणाऱ्यांत गोव्याची मंडळी पुढे होती. त्यांची तयारी आधीच झालेली होती. पोर्तुगीज अमदानीत गोव्याच्या गावोगावी चर्चला जोडून संगीतशाळा चालत. तिथे पोरांना व्हायोलिन शिकवत आणि त्याच्या जोडीने पाश्चात्त्य नोटेशन, म्हणजे स्वरलिपी, घोटून घेत. कागद समोर ठेवला की वाजवायचं, एवढी तयारी करून ही मुलं मुंबईला यायची आणि धोबीतलावच्या आसपास आपापल्या गावाच्या ‘कूड’मध्ये, म्हणजे गाववाल्यांच्या सामाईक बिऱ्हाडात, पथारी टाकायची.

हळदोण्याचा आंतोनियो झेवियर वाझ त्यांच्यातलाच, जन्म १९१६चा. मुंबईने त्याला ओळखलं ते ‘चिक चॉकलेट’ या नावाने. ट्रम्पेट आणि गाणं दोन्हींत अमेरिकी जॅझवादक लुई आर्मस्ट्राँगचा ठसा इतका स्पष्ट होता की लोक त्याला हिंदुस्थानचा आर्मस्ट्राँगच म्हणत. ताजमध्ये त्याचा स्वतःचा बँड होता. तेवढ्यावर जन्म निघाला असता तर त्याची गोष्ट जॅझच्या इतिहासातच राहिली असती. पण १९४९मध्ये मुंबई इलाख्यात दारूबंदीचा कायदा आला आणि बँडला पैसे मोजणाऱ्या रात्री रोडावल्या. वादकांना दुसरा दरवाजा शोधावा लागला. तो दादर-ताडदेवच्या बाजूला होता, सिनेमाच्या स्टुडिओत.

इथे गाठ पडते पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांशी, म्हणजे संगीतकार सी. रामचंद्र यांच्याशी. चिक त्यांचा साहाय्यक झाला. भगवानदादांचा १९५१चा ‘अलबेला’ पाहा. चिक आणि त्याचा बँड पडद्यावरच दिसतो. स्टुडिओतलं काम साधारण असं चाले: संगीतकार पेटीवर चाल म्हणून दाखवी आणि अरेंजर ती नोटेशनमध्ये उतरवून घेई. व्हायोलिनं कुठे शिरतील, ट्रम्पेटसारखी ब्रासची वाद्यं कुठे कडाडतील, अंतऱ्याआधी काय वाजेल हे ठरवून तो प्रत्येक वाद्याचा कागद वेगळा लिहून देई. तो कागद पाहताक्षणी वाजवणारे वादक लागत, आणि ते गोवेकर होते. रात्री हॉटेलात स्विंग, म्हणजे नाचाच्या ठेक्याचं जॅझ, वाजवणारा माणूस सकाळी कोट बदलून विरहगीताला सूर देई.

शंकर-जयकिशन यांच्यासाठी अरेंजरचं काम सेबॅस्टियन डिसोझा करत. गोव्यातल्या माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस व्हायोलिन वाजवत, अरेंजिंग करत आणि शिकवतही. प्यारेलाल त्यांचेच शिष्य. त्या शिष्याने १९७७मध्ये गुरूचं नाव गाण्यात घातलं म्हणून ते घराघरांत पोचलं. बाकीच्यांच्या वाट्याला एवढंही आलं नाही. श्रेयनामावलीत संगीतकाराचं नाव ठळक असे, अरेंजरचं क्वचित असे आणि वादकांचं नसेच. माझ्या मते या अष्टपैलूपणाची सर्वांत मोठी किंमत वेगळी आहे. या लोकांचं स्वतःचं जॅझ फारसं ध्वनिमुद्रितच झालं नाही. चिकच्या थोड्या तबकड्या निघाल्या, तेवढ्याच. १९६७मध्ये तो गेला.

त्यानंतर १९७८मध्ये निरंजन झवेरी यांच्या पुढाकाराने मुंबईत ‘जॅझ यात्रा’ हा महोत्सव सुरू झाला. पहिल्याच वर्षी अमेरिकी सॅक्सोफोनवादक सॉनी रोलिन्स येऊन वाजवून गेला. सॅक्सोफोनवाले ब्राझ गोन्साल्विस, दार्जिलिंगहून आलेले पियानोवादक लुई बँक्स यांच्यासारख्यांना त्यामुळे हॉटेलबाहेरचा श्रोता मिळाला. बँक्स यांचं पोट मात्र भरलं ते बव्हंशी जाहिरातींच्या संगीतावर. पुढे सिंथेसायझर आला, स्टुडिओतले मोठे वाद्यवृंद बंद पडले आणि जुना दुसरा दरवाजाही अरुंद झाला.

आजच्या तरुण वादकाच्या हातात त्या दरवाजाऐवजी लॅपटॉप आहे, घरातला रेकॉर्डिंगचा कोपरा आहे. मैफलीत तो स्वतःच्या रचना वाजवतो आणि मध्येच माइक हातात घेऊन प्रत्येक साथीदाराचं नाव सांगतो. मैफलीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बहुधा त्याचं कुठेतरी रेकॉर्डिंग असतं.