निकामी मूत्रपिंडाला मदत करायच्या जीवभौतिकी कल्पना

किडनी थकली की तिचं गाळायचं काम दाब, विसरण (दाट भागाकडून विरळ भागाकडं पसरणं), विद्युतभार असल्या भौतिक गोष्टींकडून करून घ्यायचं, या विचारातून आलेल्या उपायांचा हा गट. त्यातलं नेहमीचं डायलिसिस आपल्या गोव्यात घरोघर ऐकून माहीत आहे, बांबोळीच्या नाहीतर मडगावच्या इस्पितळात आठवड्यातनं तीनदा जाणारं कुणीतरी ओळखीत असतंच, म्हणून त्यावर इथं जास्त लिहीत नाही.

खरा पेच वेगळाच आहे. निरोगी किडन्या दिवसाला साधारण १८० लिटर द्रव गाळतात आणि जन्मभर तुंबत नाहीत, माणसाने केलेला पडदा मात्र प्रथिनं चिकटून काही तासांतच मंदावायला लागतो. असं का? पापेनहाइमर यांच्या १९५१ च्या सुमाराच्या मांडणीत किडनीतल्या गाळणाऱ्या पडद्याला ठरावीक मापाची छिद्रं धरली होती, ऑलिव्हर स्मिथीज यांनी २००३ मध्ये म्हटलं की हे जेलमधून होणारं विसरण आहे, आणि २०१० मध्ये नेक्ट्युरस नावाच्या उभयचर प्राण्यावर मोजमाप करून जर्मन संशोधकांनी दाखवलं की द्रव गाळला जाताना पडद्याच्या दोन बाजूंत बारीकसा विद्युतदाब तयार होतो, आणि त्यांच्या मते तोच ऋणभारित अल्ब्युमिनला (रक्तातल्या एका मुख्य प्रथिनाला) परत रक्ताकडं ढकलतो. वाद मिटलेला नाही, पण गाळणं मंदावलं की प्रथिनं लघवीत का गळतात हे या तिसऱ्या मतात सहज बसतं, म्हणून ते जास्त पटतं. पुढं कृत्रिम पडद्यालाही असाच विद्युतदाब देऊन स्वच्छ ठेवता येईल का, ही कल्पना इथूनच सुचते, पण ती अजून कल्पनाच आहे.

पहिली कृत्रिम किडनी कुणाची यावरही एकमत नाही. एबल आणि सहकाऱ्यांनी १९१३ मध्ये बाल्टिमोरला कोलोडियन या पातळ पडद्यासारख्या पदार्थाच्या नळ्या वापरल्या, रक्त गोठू नये म्हणून जळवांपासून काढलेलं हिरुडिन घातलं, पण ते सगळं प्राण्यांवर. माणसावर पहिला प्रयोग हास यांचा, गीसन इथं १९२४ मध्ये, तोही जेमतेम पंधरा मिनिटांचा. कोल्फ यांनी युद्धाच्या काळात, १९४३ मध्ये, नेदरलँड्समधल्या कांपेनला सॉसेजच्या सेलोफेनचं फिरतं ड्रम चालवलं आणि १९४५ मध्ये एक रुग्ण बाई वाचली. पहिलेपणाचा मान बहुतेक लोक कोल्फना देतात, माझ्या मते माणसावरच्या वापराचा हास यांना द्यायला हवा.

आताच्या कामात शुवो रॉय आणि विल्यम फिसेल यांचा सिलिकॉनचा पडदा महत्त्वाचा आहे: काही नॅनोमीटर रुंदीच्या फटी आणि पंपाऐवजी हृदयाचाच दाब. २०२३ मध्ये त्यांच्या गटाने मूत्रपिंडाच्या पेशी असलेलं उपकरण डुकरांत आठवडाभर चालवलं. अंगावर घालायच्या यंत्रात तेच थोडं पाणी कोळशासारख्या पदार्थांनी साफ करून परत वापरायचं असतं, आणि तिथं अडतं ते युरियावर, कारण कोळसा त्याला नीट धरत नाही, मग युरिएज एन्झाइमने त्याचा अमोनियम करायचा आणि तो झिर्कोनियम फॉस्फेट या शोषक पदार्थाला शोषायला लावायचा. यात पाणी फारच कमी लागतं, नेहमीच्या डायलिसिसला चार तासांत १२० लिटरच्या आसपास लागतं.

असल्या उपायांची गरज आपल्याकडंही आहे: गोव्यात काणकोण तालुक्यात कारण न कळलेला किडनीचा आजार नोंदला गेलाय, काही अभ्यासांत तिथल्या भूजलातली सिलिका आणि शिसं यांच्याकडं बोट दाखवलंय.