भरिताचं तेल अडवणारी गोळी आणि भाकरी अडवणारी गोळी

हिवाळ्यात यावल-रावेरकडे शेतात भरीत पार्टी असते. पऱ्हाटीच्या जाळावर भाजलेली वांगी, मिरची, कांद्याची पात, हात सैल सोडून ओतलेलं तेल आणि कळण्याची भाकरी. यंदा मामेभावानं पंगतीत बसायच्या आधी खिशातून दोन डब्या काढल्या. एक फॅट ब्लॉकर, एक कार्ब ब्लॉकर. "आता तेल बी अंगाला लागत नाही अन् भाकर बी!" दोन्ही कॅप्सूल त्यानं एकाच घोटात गिळल्या. नाव एका धाटणीचं असलं तरी पोटात त्यांचं काम वेगळं, आणि पुराव्याचं वजन तर फारच वेगळं.

फॅट अडवणारं खरं औषध म्हणजे ऑर्लिस्टॅट. चरबी पचवणाऱ्या लायपेज या पाचकरसाला ते निकामी करतं. १२० मिलिग्रॅमची गोळी जेवणासोबत तीनदा घेतली, तर खाल्लेल्या चरबीतली सुमारे ३० टक्के न पचता बाहेर पडते. दिवसाला ६० ग्रॅम चरबी खाणाऱ्याची १८ ग्रॅम अडली, म्हणजे साधारण १६० कॅलरी. एका मध्यम भाकरीइतक्या. वर्षभर गोळी आणि पथ्य दोन्ही सांभाळणाऱ्यांचं वजन नुसतं पथ्य करणाऱ्यांपेक्षा सरासरी तीनेक किलो जास्त उतरतं. काहीच नाही असं नाही, पण भरितावर ताव मारायचा परवानाही नाही. उलट तेलकट खाल्लंत की अडलेलं तेल तसंच खाली येतं: एकदम घाईची लागते, कपड्यांना तेलाचे डाग पडतात. शेतातल्या पार्टीला ही गोळी घेऊन जाणाऱ्याच्या धैर्याला माझा नमस्कार! शिवाय चरबीबरोबर अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वंही निसटतात, म्हणून मल्टीव्हिटॅमिन रात्री झोपताना वेगळं घ्यावं लागतं. थायरॉईडची किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नये.

कार्ब ब्लॉकरच्या डबीत बहुधा पांढऱ्या राजम्याचा अर्क असतो. स्टार्च फोडणाऱ्या अमायलेजला तो अडवतो. पण साखरेला अमायलेज लागतच नाही. जळगावचं केळं घ्या: कच्चं असताना त्यात स्टार्च, पिकलं की बहुतेक साखर. म्हणजे पिकल्या केळ्यापुढे, जिलेबीच्या पाकापुढे हा ब्लॉकर नुसता बघ्या. भाकरीतला थोडा स्टार्च अडला तरी मोठ्या आतड्यातले जिवाणू तो आंबवतात. त्यातून गॅस होतो आणि काही कॅलरी शरीर परत शोषून घेतंच. अभ्यास झालेत, पण बरेचसे छोटे, आणि निकाल एकमेकांशी जुळत नाहीत. मी तरी यावर पैसे घालणार नाही. दोघांत निवडच करायची, तर ऑर्लिस्टॅट. तेही डॉक्टरांच्या सल्ल्यानं.

जेवण झाल्यावर भावाची फॅटवाली डबी चष्मा लावून वाचली. ऑर्लिस्टॅटचं नावच नव्हतं. होतं कायटोसान. प्रयोगशाळेत ते चरबीला चिकटतं खरं, पण माणसांवरच्या नीट केलेल्या चाचण्यांत वजनातला फरक नगण्य निघालाय. आणि ते बहुधा कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून काढतात.

भावाच्या गळ्यात तुळशीची माळ आहे. त्याला हे अजून सांगितलेलं नाही.